शुक्रवारीच बसलेला कॉम्प्युटर

मंगळवारी सकाळी कोल्हापुरातल्या एका दूध संघात एकच बोंब उठली, चेअरमनसाहेबांचं नेट बंद! बाकीचे सतरा कॉम्प्युटर झकास चालले होते, पण त्यांचं कुणाला काय. कंत्राटी टेक्निशियन रूपाली पळतच वर आली. सहा वर्षं तिनं हे नेटवर्क एकटीनं सांभाळलं, तेव्हा आता कुठं कायम जागा निघाली होती. शुक्रवारी मुदत संपली आणि अर्ज आला होता तिचा एकटीचाच. आज काही वावगं झालं तर तोंडातला घास जायचा.

"ही सगळी तुझ्या त्या सर्टिफिकेटची भानगड हाय," साहेबांचा पीए आकाराम तिला बघताच म्हणाला.

आता संघाचं नेटवर्क म्हणजे केबल खुपसली की चालू, असलं काम नव्हतं. कॉम्प्युटर आणि सर्व्हर, दोघांनी आधी एकमेकांना आपलं डिजिटल सर्टिफिकेट दाखवायचं, पटलं तरच आत घ्यायचं. जुन्यांची मुदत संपत आली म्हणून रूपालीनं सोमवारी सगळी नवी घातली होती. तिनं केबल बदलून बघितली, स्विचवरचं पोर्ट बदललं. काही फरक नाही. मग तिची नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या तारखेवर गेली. शुक्रवार! सोमवारपासून लागू झालेलं सर्टिफिकेट शुक्रवारात बसलेल्या कॉम्प्युटरला पटणार कसं?

"तारीख कुणी मागं नेली, आकारामदादा?"

आकाराम खिडकीबाहेर बघायला लागला. स्क्रीनवर साहेबांच्या पुतण्याचा, ऋतुराजचा अर्ज अर्धा भरलेला होता, तोही तिच्याच जागेसाठी. पठ्ठ्या शुक्रवारी मित्रांबरोबर जोतिबाला गेलता आणि अर्ज राहिला. संघाची रीतच तशी. साहेबांच्या माणसाला उशीर झाला तर माणसाला कुणी बोलायचं नाही, तारीख मागं घ्यायची. कागदावर इतकी वर्षं ते खपलं. रूपालीला आधी हसू आलं, मग संताप चढला.

तिनं तारीख आजची केली. नेट लागलं, आणि अर्जाच्या पानावर लाल अक्षरं उमटली: मुदत संपली आहे.

इतका वेळ सोफ्यावर बसून बघत असलेले चेअरमन विजयसिंह गोड आवाजात म्हणाले, "असं कर पोरी. शुक्रवारी नेटवर्क बिघडलंतं म्हणून लिहून दे. आठ दिवस मुदत वाढवतो. तुझाबी अर्ज हायच की."

"देते की साहेब लिहून."

तिनं चार ओळी लिहिल्या. नेटवर्कमध्ये शुक्रवारीही बिघाड नव्हता, आजही नाही. साहेबांच्या कॉम्प्युटरची तारीख हातानं चार दिवस मागं नेली होती. त्या वेळी त्यावर ऋतुराज यांचा अर्ज भरला जात होता. तारीख दुरुस्त करताच नेट सुरू झालं. खाली सही, अशा तीन प्रती. आवक टेबलावरच्या विठाबाईंनी सवयीप्रमाणं न वाचताच तिन्ही प्रतींवर शिक्का मारला. एक निवड समितीकडं गेली, एक रूपालीच्या पर्समध्ये, एक साहेबांपुढं.

साहेबांनी ती दोनदा वाचली. "हे मागं घेता येतंय का?"

"आवक नंबर पडलाय साहेब."

"मग समितीला काय सांगू मी?"

"अर्ज एकच आलाय म्हणून सांगा," रूपाली म्हणाली आणि केबल गुंडाळून खाली गेली.