ट्रेमधलं हिरवं पाणी

मी तामचिनीचा एक जुना ट्रे आहे, काजूच्या आकाराचा. मित्रांनो, माझं काम ऐकून तुम्ही नाक मुरडाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. दवाखान्यात आजारी माणसं माझ्यात उलटी करायची. हनुवटीखाली मी नीट बसावं म्हणून माझी एक कड आत वळवलेली आहे आणि आत काय पडलं ते स्वच्छ दिसावं म्हणून माझा रंग पांढरा आहे. भट्टीत तापून, पांढरा मुलामा अंगावर घेऊन मी कारखान्यातून निघालो, तेव्हा एखाद्या लग्नाच्या पंगतीत मिरवायचं स्वप्न बघत होतो. आलो मात्र बीदर जिल्ह्यात, औराद तालुक्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात. तेव्हा म्हैसूर राज्य होतं. पुढे राज्याचं नाव बदललं, दारावरची पाटी बदलली. मी त्याच खिडकीत राहिलो.

माझं सगळं आयुष्य एका माणसाच्या हातात गेलं. त्या म्हणजे सिस्टर इंदिराबाई. मेहकरच्या भीमराजांची ही लेक. घरानं बौद्ध धम्म स्वीकारला तेव्हा त्या लहान होत्या. वडिलांनी हट्टानं शिकवलं, गुलबर्ग्याला नर्सिंगला घातलं. त्या इथं रुजू झाल्या तेव्हा गावातली काही माणसं त्यांच्या हातची गोळी घ्यायची, पण पाणी मात्र बाहेर जाऊन आपल्या तांब्यातलं प्यायची. इंदिराबाई ते बघायच्या आणि पुढच्या कामाला लागायच्या.

त्यांचं नाव झालं ते उलटीच्या सुईमुळं. कुणी ओकत ओकत यायचं, इंदिराबाई सुई द्यायच्या आणि घटकाभरात माणूस शांत निजायचं. "बाईच्या हाताला गुण हाय," असं लोक म्हणू लागले. हळूहळू त्यांच्या हातचं पाणीही चालू लागलं. ते कौतुक त्यांना फार गोड लागलं. आधी पोट तपासायचं, चार गोष्टी विचारायच्या, ट्रेमध्ये काय पडलंय ते बघायचं आणि मगच सुई भरायची, हे त्या शिकल्या होत्या. पण सुई पुढे येत गेली आणि विचारणं मागे पडत गेलं.

एका बाजाराच्या दिवशी दवाखाना माणसांनी गच्च भरला होता. डॉक्टरसाहेब बैठकीसाठी बीदरला गेले होते. जवळच्याच गावचे शेतकरी किशनराव आपल्या बायकोला, नागूबाईला, बैलगाडीतून घेऊन आले.

"बाई, लई ओकायली बघा. पोटात पाणी ठरंना."

इंदिराबाईंनी मला नागूबाईच्या हनुवटीखाली धरलं. तिनं जे ओकलं ते गर्द हिरवं होतं. कडू पित्ताचं पाणी, अन्नाचा कण नाही. माझ्या पांढऱ्या अंगावर तो रंग लख्ख दिसत होता. पण इंदिराबाईंची मान दाराकडे वळली होती. तिथं एक पोर रडत होतं, कुणी तरी हाका मारत होतं. न बघताच त्यांनी मला मोरीत पालथं केलं आणि सुई दिली.

"पोट... लई ताणलंय, अक्का," नागूबाई पुटपुटली. सुईच्या गुंगीनं तिची जीभ जड झाली होती.

"उतरंल आता. निजा जरा."

नागूबाई निजली. किशनरावांनी हात जोडले. "व्हय बाई, लोक म्हणतेत ते खोटं न्हाई. गुण हाय तुमच्या हाताला."

इंदिराबाई हसल्या. संध्याकाळी गाडी परत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच गाडी पुन्हा दारात आली. नागूबाईचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं आणि ओठ सुकून गेले होते.

"झोपीतच होती हो," किशनराव सांगत होते. "आम्हाला वाटलं, बरी झाली. उठवली बी न्हाई."

तिला पुन्हा ओकारी आली. या वेळी माझ्यात पडलं ते काळपट होतं आणि त्याला घाण वास होता. या वेळी इंदिराबाईंनी बघितलं आणि डॉक्टरसाहेबांना हाक मारली. डॉक्टरसाहेबांनी पोट दाबून बघितलं.

"शौचाला कधी झालं होतं? वारा सरला?"

"दोन दिस झाले, न्हाई," किशनराव म्हणाले.

साहेब इंदिराबाईंकडे वळले. "काल हे विचारलं होतं?"

इंदिराबाईंनी नकारार्थी मान हलवली.

जीपनं नागूबाईला बीदरला नेलं. आतड्याला पीळ पडून वाट बंद झाली होती, म्हणून ते हिरवं पित्त वर येत होतं. काळा पडलेला तुकडा कापून काढावा लागला. आदल्या दिवशी आणली असती तर नुसता पीळ सोडवून भागलं असतं, असं तिथल्या डॉक्टरांनी कळवलं. त्या दिवशी इंदिराबाईंनी मला घासलं, पुन्हा घासलं. मी केव्हाच स्वच्छ झालो होतो.

नागूबाई वाचली. पण घरी परतली ती खंगून, निम्मी होऊन. हुरड्याच्या दिवसांत ती दवाखान्यात आली, पिशवीत हुरडा आणि एक खण घेऊन.

"तुमच्यामुळं जगले मी, अक्का. ह्ये घ्या."

इंदिराबाईंनी खण हातात घेतला नाही. "माझ्यामुळं जगला न्हाई तुम्ही. माझ्यामुळं एक दिवस वाया गेला. तुम्ही हिरवं ओकलात, पोट ताणलंय म्हणालात. मी ट्रेमध्ये बघितलं न्हाई, पोटाला हात लावला न्हाई. सुईनं तुम्हाला निजवलं आणि दुखणं आत वाढत राहिलं."

नागूबाईनं खण बाकावर ठेवला. मग तिनं एवढंच विचारलं, "कामून न्हाई बघितलं?"

"गर्दी होती," इंदिराबाई म्हणाल्या. मग त्यांनाच ते उत्तर पुरेना. "आन् लोक बरं म्हणायचे. सुई दिली की लवकर बरं म्हणायचे. त्याची चटक लागली होती मला."

नागूबाई उठून गेली. खण बाकावर तसाच राहिला.

त्यानंतर इंदिराबाई बदलल्या. मला उजेडात धरून बघितल्याशिवाय त्यांनी कधी रिकामं केलं नाही. सुईआधी पोटाला हात लावायच्या, आधी कुठलं औषध घेतलंय ते विचारायच्या, बाईमाणूस असेल तर दिवस गेलेत का तेही विचारायच्या. सुई दिल्यावर माणसाला कुशीवर वळवून जवळ बसायच्या, एकट्याला उठू द्यायच्या नाहीत. हुमनाबादचा एक लॉरी ड्रायव्हर सुई घेऊन निघाला, तर त्यांनी त्याची किल्लीच काढून घेतली. "ही सुई झोप आणती. आज स्टिअरिंगला हात लावायचा न्हाई." तो चिडला, नाही नाही ते बोलला. आता त्यांच्याकडे वेळ लागायचा. "बाईचा गुण गेला," असंही काही जण म्हणाले. त्या ऐकून घ्यायच्या.

काही वर्षांनी नागूबाई पुन्हा आली. सोबत तिची सून कमलबाई होती, तोंडाला पदर लावून ओकणारी.

"सुई मागून," नागूबाई दारातूनच म्हणाली. "आधी बघा."

इंदिराबाईंनी बघितलं. साधं पांढरट पाणी होतं. पोट मऊ होतं. त्यांनी कमलबाईला हळूच दोन प्रश्न विचारले आणि ती लाजली. सुई भरलीच नाही. सकाळी उठल्या उठल्या कोरड्या भाकरीचा तुकडा खायचा, पाणी घोट घोट प्यायचं आणि आठ दिवसांनी परत दाखवायला यायचं, असं सांगून त्यांनी तिला बाहेर बसवलं.

मग त्यांनी नागूबाईला विचारलं, "तुमचं पोट दुखतं का अजून?"

"थंडीत ओढतंय," नागूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "दुखाय लागलं की तुमची आठव येती."

इंदिराबाईंनी मान खाली घातली आणि मला उचलून नळाखाली धरलं.

मित्रांनो, आता दवाखान्यात स्टीलचे ट्रे आले आहेत. माझा मुलामा उडाला, गंज चढला, मी अडगळीत पडलो आहे. त्याचं मला फारसं दुःख नाही. तुमच्या घरात कुणी ओकायला लागलं, तर किळस करून तोंड फिरवू नका. जवळ बसा, पाठीवरून हात फिरवा. काय पडलं, कुठं दुखतंय, ते नीट बघा आणि डॉक्टरांना सांगा. आजारी माणसाची जीभ कधी कधी जड झालेली असते. तेव्हा त्याच्या वतीनं बोलायला कुणीतरी बघितलेलं असावं लागतं.