सेकंदाला वीस चित्रं

मित्रांनो, बाळासोनं मला पायरीवर आपटून फोडलं. असो. तसं काही झालंच नाही असं धरा आणि पुढं ऐका.

मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. जन्म कुठला ते ठाऊक नाही; खोक्यावर तीन देशांची नावं होती. १९९६ साली शाहूपुरीत सोमशेखर आण्णांच्या गेम पार्लरमध्ये रुजू झालो. पडद्यावरचा रस्ता सरकताना दिसावा म्हणून सेकंदाला पन्नास चित्रं दाखवायची, हे माझं काम. पण चारच्या वर शत्रू आले की मला धाप लागायची. पन्नासाची वीस व्हायची. मग शत्रू, गोळ्या, सगळे जेवून उठल्यासारखे चालायचे.

या संथपणावर पार्लरमध्ये रोज खेळायला येणारा बाळासो अजिंक्य झाला. गोळी जवळ येईपर्यंत तो मिशीला पीळ देऊन घ्यायचा. वर मलाच टपली मारायचा. "आण्णा, ह्ये डबडं अडकतंय. न्हाईतर राक्षस कवाच झोपवला असता की!"

"त्ये अडकतंय म्हणून तू जित्ता हाईस," आण्णांच्या शिवलीलाबाई गल्ल्यावरून म्हणायच्या. कोण ऐकतंय?

पुढं आजऱ्यात याच खेळाचं नवं मशीन आलं आणि स्पर्धा ठरली. "तुमचं मशीन आणा," असा आजरेकरांचा निरोप आला. बाळासो म्हणाला, "नव्यावरच खेळतो. जिंकलो की ह्याला भंगारात घाला."

तो हरला तर माझं काय, हे कुणी ठरवलंच नाही. आमच्याकडं सत्कार आधी ठरतो, निकाल मागनं लागतो. ‘अजिंक्यवीर’ असा कापडी फलक रंगला, सयाजी हलगीवाल्याला सुपारी गेली.

आजऱ्यात काय झालं ते सोबत गेलेल्यांनी पाचदा करून दाखवलं. रस्ता लोण्यासारखा सरकला. पन्नासच्या पन्नास चित्रं. बाळासोचा हात सवयीनं मिशीकडं गेला आणि चौथ्या सेकंदाला तो मेला.

"पावणं," एक आजरेकर हळूच म्हणाला, "खेळ सुरू झालता."

संध्याकाळी बाळासो शाहूपुरीत उतरला, तर सयाजी तयार.

"हरलोय रं," बाळासो म्हणाला.

"हरला असशील. मी मुरगूडची वरात सोडून आलोय!" म्हणत सयाजीनं हलगी कडाडवली.

फलक वर गेला, गुलाल पडला, मला हातगाडीवर पुढं ठेवलं. गर्दी वाढली तशी मिरवणूकही माझ्यासारखीच मंदावली. प्रत्येक चौकात बाळासोला सगळ्यांनी सावकाश, नीट बघून घेतलं. पार्लरच्या पायरीशी गाडी थांबली. पुढचं झालंच नाही, असं आपलं ठरलंय.

मित्रांनो, मला त्याचा राग नाही. दहा वर्षांत मला नेमानं फडक्यानं पुसणारा तोच एक. त्याच्यासाठी एवढा अर्ज करतो. सबब, माननीय अधिकारी महोदयांस विनंती की, मी दर सेकंदाला न दाखवलेली तीस चित्रं श्री. बाळासो यांच्या नावे पूर्वलक्षी प्रभावाने मंजूर करून, आजऱ्याचा चौथा सेकंद मिशीला पीळ बसेपर्यंत वाढवून मिळावा.

सोबत : माझे तुकडे, नग अकरा.