मडफ्लॅपवरच्या म्हशी

सुमित्राबाईंची तुळस पहिल्यांदाच फिरायला गेली आणि चिखलाने माखून घरी आली.

फिरायला तरी कुठे, फरीदाबादच्या घरापासून बल्लभगढपर्यंत जाऊन परत. श्रीरंगरावांनी गाडी फाटकाशी आणली, मागे जोडलेला नवाकोरा ट्रेलर एक गचका देऊन थांबला, आणि ट्रेलरच्या तोंडाशी ठेवलेल्या तुळशीकडे बघून सुमित्राबाई एवढंच म्हणाल्या, "अगं बाई माझी!"

पानन् पान राखाडी झालं होतं. मंजिऱ्यांवर चिखलाचे मणी लोंबत होते. सकाळी कुंडीला वाहिलेल्या हळदकुंकवाचा पत्ता नव्हता. श्रीरंगराव खाली उतरले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी तुळशीकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं, आणि ज्या माणसाने छत्तीस वर्षं सरकारी खात्यात पूल बांधले तो माणूस रुमालाने एक पान पुसायला लागला.

ट्रेलर म्हणजे चाकांवरची खोली. दोघांपुरती शेज, ओटा, एवढासा न्हाणीघराचा कोपरा. निवृत्त झाल्यावर श्रीरंगरावांनी तो मथुरा रोडवरच्या संग्रामच्या वर्कशॉपमधून हौसेने करून घेतला होता. आता यात बसून हिमालय बघायचा, असा त्यांचा बेत. सुमित्राबाईंनी बेताला कधी नाही म्हटलं नाही. फक्त आषाढ आला की त्या हळूच म्हणत, "चातुर्मास संपू दे." आणि चातुर्मास संपला की थंडी, धुकं, मग लग्नसराई.

यंदा मात्र टाळता येण्यासारखं नव्हतं. चंडीगडला त्यांच्या लेकीला, चेतनाला, मुलगी झाली होती. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केल्यामुळे बाळंतपण तिकडेच झालं. रविवारी बारसं, आणि पुढचे दीड-दोन महिने आईने तिथे राहावं असा लेकीचा हट्ट. नातीला मांडीवर घेण्यासाठी सुमित्राबाईंचे हात शिवशिवत होते. पण ऐन चातुर्मासात त्यांचं गोपद्मांचं व्रत चालू होतं. रोज सकाळी तुळशीपुढे रांगोळीने गाईची तेहेतीस पावलं काढायची, त्यांवर हळदकुंकू वाहायचं, मगच तोंडात पाणी घ्यायचं. पाच वर्षांचं व्रत, हे पाचवं वर्ष. पहिल्या दिवशी हातावर पाणी सोडताना त्या म्हणून गेल्या होत्या, "जिच्यापुढे आरंभ, तिच्यापुढेच सांगता." शब्द दिला होता. दुसरी तुळस चालणार नव्हती.

"तर मग हीच घेऊन जाऊ," श्रीरंगराव म्हणाले होते.

गाडीत कुंडी बसेना, फांद्या मोडायला लागल्या. ट्रेलरच्या आत ठेवायला सुमित्राबाई तयार नव्हत्या. छपराखाली, न्हाणीघराला लागून तुळस? शेवटी त्यांचं लक्ष गेलं ट्रेलरच्या पुढच्या लोखंडी दांडीकडे. गाडीला जोडायच्या त्या दांडीवर पत्र्याचं एक चौकोनी ताट वेल्ड केलेलं होतं.

"हे काय हो?"

"ते गॅस सिलिंडरसाठी."

"घर म्हटलं की पुढे अंगण हवं," सुमित्राबाई हळू आवाजात म्हणाल्या.

आवाज हळू होता, पण सिलिंडर त्याच संध्याकाळी मागच्या पेटीत गेला. ताट अंगण झालं. आणि त्या अंगणात आता हा चिखल.

"प्लॅस्टिकची पिशवी घालू या का वरून?" श्रीरंगरावांनी विचारून पाहिलं.

"देवीला पिशवी?"

"नाही, नाही. मी आपलं सहज म्हटलं." ते घाईघाईने म्हणाले. "मडफ्लॅप! मडफ्लॅपच राहिलेत ना. चाकांमागे रबराची पट्टी लोंबती ठेवली की चिखल उडणं बंद. बिल्कुल साधी गोष्ट आहे."

रात्री त्यांनी आलेखाच्या कागदावर ट्रेलरची चाकं काढली, चिखलाचे बाण काढले, पट्टीची उंची ठरवली. सुमित्राबाईंनी जपाची माळ ओढता ओढता त्या बाणांकडे एक नजर टाकली. त्यांना काहीतरी खटकलं. पण माळ अर्धी व्हायची होती, आणि नवऱ्याच्या चित्रात जपाच्या मध्येच बोट घालणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संग्रामने ट्रकच्या जाड काळ्या रबराच्या दोन पट्ट्या कापल्या. हा संग्राम म्हणजे आडदांड हरियाणवी गडी. त्याच्या अंगणातही पावसाचं पाणी साचलेलं आणि त्यात त्याची लाडकी म्हैस डोळे मिटून बसलेली.

"आंटी जी, फ्लैप पे क्या लिखवाऊँ? जय माता दी? ओम बना दूँ?"

सुमित्राबाईंनी कानावरून पदर सारखा केला. "भैया, भगवान को कीचड़ में क्यों लटकाना?"

संग्रामने जीभ चावली. "फिर क्या बनाऊँ? खाली तो सूना लगेगा."

सुमित्राबाईंची नजर डबक्याकडे वळली. "उसको बना दो. उसको तो कीचड़ में सुख मिलता है."

संग्रामच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला, जणू त्याच्या घरातल्या कुणाला दिल्लीहून पुरस्कार आलाय. त्याने पेंटरला हाक मारली. काळ्या रबरावर काळी म्हैस दिसणार कशी, म्हणून पांढऱ्या रेघेने काढली. गोल वळलेली शिंगं, अर्धे मिटलेले डोळे. डाव्या पट्टीवर एक, उजवीवर एक, एकमेकींकडे तोंड करून.

"हे काय ध्यान लावून दिलंस ट्रेलरला?" श्रीरंगराव म्हणाले. "लोक काय म्हणतील? रिटायर्ड चीफ इंजिनिअर आणि मागे म्हशी!"

"मागे आहेत ना? तुम्हाला कुठे दिसतायत," सुमित्राबाई म्हणाल्या.

पट्ट्या लागल्या. पुन्हा चाचणी. पुन्हा बल्लभगढ. मागून येणारा एक स्कूटरवाला सिग्नलला शेजारी थांबून हात वर करून म्हणाला, "अंकल, भैंसें मस्त हैं!" श्रीरंगरावांची छाती, इतका वेळ म्हशींना नावं ठेवत असूनही, थोडी फुगली.

घरी येऊन बघतात तो तुळस पुन्हा राखाडी.

श्रीरंगरावांनी पट्ट्या ओढून पाहिल्या, मोजून पाहिल्या. "जरा खाली हव्या होत्या," ते पुटपुटले. "किंवा रुंद."

सुमित्राबाईंनी झारी आणली. एकेक पान बोटांत धरून धुतलं. मग आत जाऊन लेकीला फोन लावला.

"चेतना, मी असं करते बाळा. रविवारी पहाटे व्रत उरकून गाडीने येते, बारसं करते आणि रात्री परत फिरते."

"एक दिवस?" पलीकडून चेतनाचा आवाज चढला. "आई, इथे बाळाला अंघोळ घालताना माझे हात कापतात, आणि तू पाहुण्यासारखी येऊन जाणार? यार आई, ती तुळस तुझी मुलगी आहे की मी?"

"तू मुलगी. ती माझी आई आहे," सुमित्राबाई म्हणाल्या. पलीकडे बाळ रडायला लागलं, तशी चेतनाने "ठेवते" म्हणून फोन ठेवला.

त्या रात्री सुमित्राबाई देवापुढे जरा जास्तच वेळ बसल्या. व्रत मोडायचं नाही, लेकीचं मनही मोडायचं नाही. "मार्ग तू दाखव, चालायचं मी बघते," असं देवाशी नेहमीचं बोलणं झालं. उठताना रांगोळीच्या डब्याला पाय लागेल म्हणून त्यांनी तो उचलला. लाल रंगाची पुडी, पिवळ्या रंगाची पुडी. त्या तशाच उभ्या राहिल्या. मग स्वतःशीच हसल्या.

सकाळी श्रीरंगराव चहा घेऊन बाहेर आले, तर बायको गाडीच्या मागच्या चाकाशी ओणवी. रांगोळीचा लाल रंग गोडेतेलात कालवून तिने गाडीच्या मागच्या दोन्ही टायरांना चांगला जाडसर फासला होता. आता दुसऱ्या वाटीतला पिवळा रंग ट्रेलरच्या चाकांना चालला होता.

"आज दसरा आहे का गं?"

"नाही."

"मग ही वाहनपूजा कसली?"

"तुम्ही चहा घ्या हो निवांत. मग एक फेरी मारून या. नाल्याकडच्या रस्त्याने जा, तिथे पाणी आहे."

आणि तुळशीच्या जागी, ताटावर, सुमित्राबाईंनी एक बादली पालथी बांधली आणि तिच्यावर श्रीरंगरावांचा जुना पांढरा बनियन चढवला.

"हा माझा..."

"जुना आहे. तुळशीवर रंग नको उडायला."

श्रीरंगरावांनी नास्तिकपणाचा लांब सुस्कारा सोडला. हे एक नवीन व्रत निघालेलं दिसतंय, अशी मनाची समजूत घालून ते गेले. सगळ्या सेक्टरने बघितलं. पुढे गाडी, मागे बनियन घातलेली बादली, त्यामागे खोली आणि सगळ्यात शेवटी दोन म्हशी.

परत आले तेव्हा सुमित्राबाई फाटकात उभ्या होत्या.  त्या ताटाकडे बघत राहिल्या, म्हणून श्रीरंगरावही तिकडे बघायला लागले.

बनियन लालेलाल. होळी खेळून आल्यासारखा, छातीपासून पोटापर्यंत लाल शिंतोडे. पिवळा एक थेंब नाही.

श्रीरंगराव मागे धावले. ट्रेलरच्या मागच्या पट्ट्या पिवळ्याधमक. दोन्ही म्हशींची तोंडं, शिंगं, पाठ, सगळं पिवळं.

"म्हशी हळदीला बसल्यात," सुमित्राबाई म्हणाल्या.

श्रीरंगरावांनी म्हशींकडे पाहिलं, बनियनकडे पाहिलं, आणि मग गाडीच्या मागच्या चाकांकडे पाहिलं. हळूहळू त्यांचा हात कपाळाकडे गेला.

"अरे! चिखल आपल्या गाडीच्या चाकांनी उडतोय. पुढून! ट्रेलरची चाकं तर तुळशीच्या मागे आहेत, त्यांचा चिखल पुढे येईलच कसा? मी बाण चुकीच्या चाकाला काढले." ते मटकन पायरीवर बसले, आणि एकाएकी इतके मोठ्याने हसायला लागले की शेजारच्यांच्या खिडक्या उघडल्या. "छत्तीस वर्षं पूल बांधले गं मी! एक पडला नाही, हे नशीबच म्हणायचं!"

"काही फुकट नाही गेलं," सुमित्राबाई म्हणाल्या. "आपला चिखल मागच्या माणसावर उडत नाही आता. तेही पुण्यच. पण आता जरा पुढचं बघा."

"तुला हे परवाच कळलं होतं?"

"नुसतं खटकलं होतं. खटकणं म्हणजे कळणं नव्हे. म्हटलं, रंगालाच बोलू दे."

दुपारी गाडीच्या मागच्या चाकांना रुंद पट्ट्या लागल्या, आणि दोन्हींच्या मध्ये, थेट रस्त्याजवळ लोंबणारी एक आडवी झालर. संग्रामने न विचारताच तिच्यावर म्हशीचं पारडू काढून टाकलं. "परिवार पूरा हो गया, आंटी जी." पैसे देताना श्रीरंगरावांनी पारडाचे वेगळे मोजले.

शनिवारी दुपारी तुळस ताटावर बसली. कुंडीला दोरी, दोरीला गाठ, गाठीवर सुमित्राबाईंचा हात. दिल्ली ओलांडेपर्यंत आभाळ भरून आलं आणि सोनिपतच्या पुढे असा पाऊस कोसळला की पुढचा ट्रक दिसेना. सुमित्राबाई आरशातून मागे बघायचा प्रयत्न करत होत्या. आरशात फक्त पाणी. त्यांनी डोळे मिटले आणि नाम घ्यायला सुरुवात केली. श्रीरंगरावांनी रेडिओ बंद केला.

अंधार पडायला आला तशी पानिपतजवळच्या एका ढाब्यावर त्यांनी मुक्काम ठोकला. "पानिपतालाच आपलं पानिपत व्हायला नको," श्रीरंगराव म्हणाले आणि आपल्याच विनोदाला नीट हसले नाहीत. ढाब्यावरचे ट्रकवाले ट्रेलरचं दार, खिडक्या सगळं सोडून म्हशींचे फोटो काढत होते. तुळशीकडे बघायचं धाडस दोघांचंही झालं नाही. "सकाळी बघू. उजेडात," सुमित्राबाई म्हणाल्या.

पहाटे त्यांना जाग आली तेव्हा शेजारी श्रीरंगराव नव्हते. पाऊस भुरभुरत होता. त्यांनी खिडकीचा पडदा बोटभर बाजूला केला.

श्रीरंगराव तुळशीपुढे उकिडवे बसले होते. चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांनी ताटावरून तर्जनी फिरवली, डोळ्यांपुढे धरली, कपड्याला पुसली. एक पान उलटून पाहिलं, मग दुसरं. शेवटी कुंडीच्या काठाखाली, पावसाच्या आडोशाला राहिलेल्या कालच्या कुंकवाच्या बोटाला अलगद हात लावला. ते जागच्या जागी होतं. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कुणी नाही असं बघून दोन्ही हात चटकन जोडले आणि तेवढ्याच चटकन खाली घेतले.

सुमित्राबाईंनी पडदा सोडला. मुद्दाम भांडी वाजवत अंघोळ उरकली, जरा वेळ घेतला, मगच दार उघडलं.

"झोप नाही आली का हो?"

"ताट तपासत होतो. वेल्डिंग." श्रीरंगराव उठून उभे राहिले. "पास आहे."

तुळस हिरवीगार होती. पावसाने न्हाऊन आणखीनच हिरवी. सुमित्राबाईंनी पदर खोचला, ताटाचा एक कोपरा कोरडा पुसला आणि चिमटीत रांगोळी घेतली. गाईचं पहिलं पाऊल पडलं, मग दुसरं. श्रीरंगरावांनी गाडीतून छत्री आणून त्या पावलांवर धरली. ढाब्यावरचा एक सरदारजी हातात चहाचा पेला घेऊन थांबला आणि पेला तोंडाला लावायचं विसरला.

निम्मी पावलं झाली तेव्हा फोन वाजला. श्रीरंगरावांनी एका हाताने छत्री सांभाळत तो कानाला लावला.

"बाबा, कुठे आहात? बारशाला आई येतेय ना? राहणार आहे ना?"

"पानिपतला आहोत," श्रीरंगराव म्हणाले. "आणि चेतना, या वेळी जिंकलोय."

"अहो," खालून हळू आवाज आला, "छत्री सरळ धरा. विसावं पाऊल भिजतंय."