नुकादाची रडकी
नुकादाची गाडी पुलावर आली की आधी आळीतल्या कुत्र्यांना कळायचं आणि मग त्याच्या बायकोला. पुलापासून घरापर्यंतचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढताना ती गाडी असं काही भोकाड पसरायची की विचारू नका. ते ऐकून फुमिए मिसोच्या सुपाखालचा गॅस पेटवायची आणि नवरा बूट काढून आत येईपर्यंत वाडगा त्याच्यासमोर असायचा. चाळीस वर्षं त्या घराला दारावरच्या घंटेची गरज पडली नाही.

गाडी होती एकोणीसशे बहात्तरची फेअरलेडी झेड. लांब नाकाची, नारिंगी, दोनच माणसं बसतील अशी. दिसायला राजकन्या आणि गळा मात्र घोगऱ्या म्हातारीचा. त्यात बिचाऱ्या गाडीचा काही दोष नव्हता, दोष नुकादाच्या तरुणपणच्या घाईचा होता. मागच्या चाकांना जोर पोचवणारी क्राऊन आणि पिनियन ही दोन दातेरी चाकं कारखान्यात एकमेकांवर घासूनच तयार होतात. दोघांवर एकच आकडा कोरलेला असतो. एकीचा नवरा दुसरीच्या गळ्यात बांधता येत नाही. चिचिबूच्या डोंगरात गाडी चढावर जोमाने पळावी म्हणून नुकादाला वेगळ्या दात्यांची जोडी हवी होती, आणि अख्खी जोडी मिळेना. मग त्याने भंगारातल्या एका गाडीचं क्राऊन आणि दुसरीचं पिनियन उचलून आणलं, आणि घरामागच्या शेडमध्ये स्वतःच त्यांचा संसार मांडून दिला. संसार चालला, पण रडत चालला.

हे सगळ्यात जास्त खटकायचं कुरोइवाला. कुरोइवा हा नुकादाचा शाळेपासूनचा दोस्त. पुलाच्या अलीकडे त्याचं जुन्या गाड्यांचं गॅरेज. त्याच्या हातून गेलेली गाडी इतकी गुपचूप चालायची की मालकाला ती सुरू आहे की बंद, हे काटा बघून ठरवावं लागे.

"अरे, माझ्या गॅरेजवरून जाताना तरी बंद करून ढकलत ने ती," कुरोइवा म्हणायचा. "लोकांना वाटतं, मीच दुरुस्त केलीय. दोन दिवस दे माझ्याकडे. बरोबर जोडी शोधून बसवतो."

"हात लावलास तर बघ," नुकादा म्हणायचा. "बोलकी आहे माझी. तुझ्यासारखी घुमी नाही."

"बोलते कसली? रडते!"

"रडू दे. रडली तरी घरी आणते ना मला?"

हा वाद दोघांनी इतकी वर्षं घातला की त्याची चव त्यांना रोजच्या शोचू दारूसारखीच लागायला लागली होती.

मग नुकादाला साखरेने गाठलं. आधी डोळे गेले. मग हळूहळू डोक्यातली माणसं जायला लागली. झेड शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली आणि नुकादा चढावरच्या वृद्धाश्रमात. कुरोइवा दर रविवारी जायचा. सुरुवातीला नुकादा त्याला पावलांवरून ओळखायचा, नंतर आवाजावरून, नंतर कुरोइवाने नाव सांगितल्यावर, आणि त्या हिवाळ्यात नाव सांगूनही ओळखेनासा झाला. "हो का? कुरोइवा नावाचा माझाही एक मित्र आहे," असं अदबीने म्हणायचा. कुरोइवा बाहेर येऊन आपल्या मिनी ट्रकमध्ये बराच वेळ नुसता बसून राहायचा.

फेब्रुवारीत एके दुपारी फुमिए गॅरेजवर आली. हातात मिसो लावलेल्या तळलेल्या बटाट्यांची पुडी होती. स्टोव्हजवळच्या स्टुलावर ती अंग आक्रसून बसली.

"कुरोइवासान, गाडी चालू होईल का?"

"कुठली? आपली झेड?"

"आता मोजकेच दिवस राहिलेत, म्हणतात डॉक्टर. मला ओळखत नाहीत हे, मुलीला ओळखत नाहीत. पण परवा खालच्या रस्त्यावर कसलातरी ट्रक कण्हत चढला, तर एकदम मान वळवली आणि म्हणाले, 'माझी गाडी कुणी नेली?' कुरोइवासान, मला वाटतं, त्यांना एकदा तिच्यात बसवलं तर येतील परत. घटकाभर का होईना. मला नुसतं 'फुमिए' म्हटलं तरी पुरे."

कुरोइवाने बटाटा तसाच हातात धरून ठेवला होता. "होईल," तो म्हणाला. "वहिनी, मी करतो."

गाडी टो करून आणली तेव्हा तिची दशा बघवत नव्हती. क्लचचा पंप गंजून जाम झालेला. गिअरबॉक्समधलं पुढचं बेअरिंग खडखडत होतं, आणि गिअर सुरळीत पडावा म्हणून आत पितळेच्या ज्या कड्या असतात त्यातल्या दोन पार झिजलेल्या. असे भाग दुकानात मिळत नाहीत, माणसांकडे मिळतात. कुरोइवाने फोन फिरवायला घेतला. ओकायामाच्या एकाने कड्या दिल्या. बेअरिंग नागोयाहून आलं. आणि अकिताच्या तोगाशी नावाच्या म्हाताऱ्याकडून, कुरोइवा दुसरंच काही विचारत असताना, एक गोष्ट कानावर आली.

"क्राऊन-पिनियन हवं असेल तर आहे माझ्याकडे," तोगाशी म्हणाला. "अस्सल जोडी. तेलाच्या कागदातून बाहेरसुद्धा काढलेली नाही. चढाच्या दात्यांची."

ज्या जोडीसाठी नुकादा तरुणपणी वणवण फिरला होता, तीच.

"तुमच्या गाडीसाठी ठेवली असेल ना?"

"ठेवली होती. आता मुलाने लायसन्स परत द्यायला लावलं. म्हणाला, बाबा, कुणाच्या अंगावर घालाल. दिलं. रोज त्या खोक्याकडे बघतो आणि बायकोवर ओरडतो. न्या तुम्ही. फिरू दे तरी बिचारी."

"बसवली की फोन करून ऐकवतो तुम्हाला."

म्हातारा हसला. "काय ऐकवणार? चांगल्या जोडीचा आवाज कधी ऐकू आलाय का?"

आता खरं सांगायचं तर मागच्या भागाला हात लावायची काहीच गरज नव्हती. तो रडका होता, पण धडधाकट होता. क्लच नि गिअरबॉक्स झाला की गाडी चालणार होती. पण कुरोइवाचे हात शिवशिवले. त्याच्या जातीच्या माणसाला एक वेळ उपाशी राहता येईल, पण कण्हणारी गाडी मालकाच्या हाती देता येत नाही. त्यातून ही शेवटची. दोस्ताला आयुष्यात एकदा तरी धड गाडीत बसवून न्यायचं, असं त्याच्या मनाने घेतलं. त्यात प्रेम होतं यात शंका नाही. चाळीस वर्षांचा वाद जिंकायची थोडी हौसही होती.

जोडी आली. कुरोइवाने दात्यांना पिवळा रंग लावून, फिरवून, ठसा अगदी मधोमध उमटेपर्यंत दोन चाकांमधलं अंतर ठरवणाऱ्या पातळ चकत्या बदलल्या. मग पुलापासून वरपर्यंत गाडी तिसऱ्यात नेऊन पाहिली. इंजिनाची घरघर आणि टायरची सळसळ, बाकी काही नाही. लोणी. आळीतलं एकही कुत्रं उठलं नाही. कुरोइवा एकटाच गाडीत मोठ्याने हसला.

काढलेले जुने भाग पुसून, कागदात गुंडाळून खोक्यात भरायचे आणि गाडीबरोबर मालकाला परत द्यायचे, हा त्याच्या गॅरेजचा शिरस्ता. खोकं त्याने फुमिएच्या दाराशी, चपलांच्या कपाटाखाली ठेवलं.

स्वच्छ उन्हाच्या दिवशी वृद्धाश्रमाच्या दोन नर्सनी नुकादाला चाकांच्या खुर्चीतून उचलून झेडमध्ये बसवलं. फुमिएने त्याच्या गुडघ्यांवर शाल घातली. गाडीत तिसऱ्याला जागा नव्हती. ती फाटकाशी उभी राहिली, दोन्ही हातांनी पदर धरावा तशी ॲप्रनची कड धरून.

सुरुवात छान झाली. नुकादाने नाक वर करून वास घेतला. हात चाचपडत गिअरच्या लाकडी मुठीवर गेला आणि तिथेच बसला. इंजिन सुरू झालं तसा त्याचा चेहरा उजळला. कुरोइवाने त्याच्या हातावर आपला हात ठेवून पहिला टाकला, दुसरा टाकला. पुलावर नेऊन गाडी वळवली आणि चढाला लागल्यावर तिसरा.

नुकादाने मान तिरकी केली. थांबला. वाट बघणाऱ्या माणसासारखा थांबला. गाडी गुपचूप चढत राहिली. अर्ध्या चढावर त्याने मुठीवरून हात काढून घेतला आणि शालीवर ठेवला.

"माफ करा," तो म्हणाला, "ही आपली गाडी फार सुरेख आहे."

"तुझीच आहे रे, नुका. तुझी झेड."

"नाही हो. माझी रडते." मग तो अगदी नम्रपणे म्हणाला, "आपल्याला उगाच त्रास झाला. मला इथे कुठेतरी उतरवलंत तरी चालेल. कुरो येईल मला न्यायला. माझ्या गाडीचा आवाज आला की कळेलच."

कुरोइवाने गाडी कडेला घेतली. त्याला पुढचा रस्ता दिसत नव्हता. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, आणि तोही अशा ठिकाणी की पुन्हा मूर्ती घडवायला वेळ उरला नव्हता. दोस्ताच्या डोक्यात सगळे दिवे विझले होते, एक खिडकी उघडी होती, आणि ती त्याने, कुरोइवाने, आपल्या कसबाने नीट बंद करून वर खिळा ठोकला होता.

फुमिए फाटकाशीच उभी होती. तिने आधी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग कुरोइवाच्या. "आवाजच आला नाही," ती हळूच म्हणाली. "मी कान देऊन उभी होते. मला वाटलं, तुम्ही निघालाच नाहीत."

तेव्हा कुरोइवाला कळलं, की तो आवाज फक्त नुकादाचा नव्हता.

"वहिनी, ते खोकं द्या मला."

"जुनं बसवता येतं परत?"

"मी काढलंय, मीच बसवतो. तुम्ही ह्याला सांगा, कुरो गाडी घेऊन येतोय."

पण नीट जोडी लावणं सोपं, बिघडलेली जोडी होती तशी लावणं महाकठीण. चांगल्या जोडीला माप असतं. ह्या दोघांना माप नव्हतं, फक्त सवय होती. कुरोइवाने त्याच जुन्या चकत्या त्याच क्रमाने घातल्या. गाडी रडली नाही, गुरगुरली. पुन्हा खोलली. या खेपेला ती नुसती कुजबुजली, आणि तेही उतारावर. आयुष्यभर ज्या आवाजाला शिव्या घातल्या तो आता तोंडाने काढून बघत कुरोइवा गाडीखाली पडून राहायचा. हा स्वर की तो? खालचा की जरा वरचा? चाळीस वर्षं ऐकून त्याने तो कधी नीट ऐकलाच नव्हता.

फुमिए रोज फोन करायची. "आज विचारत होते, कुरो आला का." मग, "आज नुसतं 'आला का' म्हणाले." मग एका दिवशी पुन्हा फोन आला. कुरोइवाच्या दोन्ही हातांना काळं ग्रीस होतं. रिसीव्हर खांद्यात धरून तो तिच्या श्वासाचा आवाज ऐकत उभा राहिला.

"वहिनी?"

"सकाळी गेले हे," ती म्हणाली. "झोपेतच."

कुरोइवाने त्या दिवशी गॅरेजचं शटर ओढलं, पण काम थांबवलं नाही. आता कुणासाठी, हे त्याला कुणी विचारलं असतं तर त्याने पाना फेकून मारला असता. रडत रडत चकत्या बदलल्या. ठसा जिथे पडू नये अशा कडेला पडला, तेव्हा त्याने घट्ट आवळलं.

अंत्यसंस्काराला तो झेड घेऊनच गेला. दहनानंतर पांढऱ्या कापडात बांधलेली अस्थींची पेटी घेऊन फुमिए बाहेर आली. मुलीने मोठ्या गाडीचं दार उघडून धरलं होतं. फुमिएने मान हलवली आणि ती झेडकडे आली. पेटी मांडीवर घेऊन, नवऱ्याच्या हयातीत क्वचितच बसली होती त्या जागेवर, ती बसली.

पुलावरून वळून गाडी चढाला लागली. कुरोइवाने तिसरा टाकला आणि पाय दाबला.

आधी काही नाही. मग मागून, सीटच्या खालून, तो उठला. घोगरा, लांबलचक, चढत जाणारा. तोच. अगदी तोच. आळीतली कुत्री उठून भुंकायला लागली. फुमिएने पेटीवर दोन्ही तळवे ठेवले आणि मान खाली घातली. "ऐकताय ना," ती म्हणाली, कुणाला ते कुरोइवाने विचारलं नाही.

"एक आठवडा उशीर झाला, वहिनी. माझ्या शहाणपणामुळे झाला. नुसता क्लच करून दिला असता, तर त्याने ओळखलं असतं. तुम्हालाही."

तिने 'नाही हो' म्हटलं नाही. खोटं बोलून माणसाला हलकं करायचा तिचा स्वभाव नव्हता. घर आलं. ती पेटी सांभाळत उतरली, दारापर्यंत गेली आणि वळली.

"कुरोइवासान, एक कराल? पुन्हा खाली पुलापर्यंत जा आणि वर या. गाडीत बसून मी तो फारसा कधी ऐकलाच नव्हता. मला स्वयंपाकघरातून ऐकायचाय."

तो गेला. पुलावर गाडी वळवली, चढावर तिसरा टाकला आणि काच खाली करून तिला पोटभर रडू दिलं. दारात गाडी बंद केली, बूट काढले. आत देव्हाऱ्यासमोर पेटी ठेवलेली होती, शेजारी फोटो. स्वयंपाकघरात गॅस पेटलेला होता आणि मिसोचा वास घरभर झाला होता. फुमिए त्याच्याकडे पाठ करून उभी होती. एक वाडगा तिने फोटोपुढे ठेवला होता, दुसरा ती भरत होती.

"आलात?" तिने न वळताच विचारलं.

हा प्रश्न आपल्याला नाही, हे कुरोइवाला पुरतं ठाऊक होतं. हातात गाडीची किल्ली घेऊन तो तसाच उभा राहिला. मग, उत्तर द्यायला घरात दुसरं कुणीच नव्हतं म्हणून, तो म्हणाला, "आलो."