ठकुबाई बाजूला बसली

२०१६ साली राहनाळला भाविकची हळद होती. मांडवात धवले गाणारी धवलारीण खोळंबली होती, आणि नवऱ्यामुलाची आजी, म्हणजे माझी मोठी जाऊ ठकुबाई, मागच्या पडवीत चटई टाकून बसलेली.

"ताई, नातवाची हळद आनि तू हितं?"

"मी बाजूला हाय."

मला कळेचना. तिची पाळी जाऊन पंधरा वर्षं तरी झाली होती.

"शिमग्यापासून परत येतंय," ती लाजून हसली. "देवानं तरुण केला मना. बोलू नको कोनाला."

"रक्त जातंय आनि तू चटई टाकून बसलीस? येडी हायस!"

लग्न उरकताच तिला भिवंडीच्या एका दवाखान्यात ओढत नेलं. तिथे पिशवी साफ केली, रिपोर्ट चांगला आला. महिन्याभरात पुन्हा रक्त, पुन्हा चटई. तिचा मुलगा हिरामण गोडाऊनच्या भाडेकरूंत गुंतलेला. "काकी, रिपोर्ट चांगला हाय ना? मंग कशाला डोकं खातेस?" चिडून चिडून मला जेवण जाईना.

शेवटी ठाण्याला डॉक्टर निवेदिताबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, "अंडाशय कुणी पाहिलं का?" कुणीच पाहिलं नव्हतं. सोनोग्राफीत डाव्या अंडाशयावर लिंबाएवढी गाठ निघाली.

"ही क्वचित आढळते. बायकांच्या अंगातलं हार्मोन ही गाठच तयार करते. आजी, पाळी परत आलेली नाही, गाठ पाळीचं सोंग आणतेय. कॅन्सरचाच प्रकार आहे. काढावी लागेल."

ठकुबाई तयार होईना. मरशील म्हणून मी ओरडले, हिरामण रडला. मग तिने हळूच विचारलं, "काढल्यावर बाजूला बसाया लागनार न्हाय?"

"कधीच नाही."

"मंग गौरीच्या आधी काढा."

आमच्या ओरडण्याने जे झालं नाही, ते गौरीने केलं! गर्भाशय, दोन्ही अंडाशयं काढली. गाठ बाहेर पसरली नव्हती. त्या वर्षी गौर तिनेच आणली.

ही गाठ बऱ्याच वर्षांनीही उलटते, म्हणून दर वर्षी रक्त तपासायला सांगितलं होतं. दोनदा गेली, मग बंद. "आता येत न्हाय ना काही? मंग कशाला?" मी किती भांडले!

२०२२ साली गाठ पोटात उलटली. पुन्हा ऑपरेशन, मग औषधं. २०२४च्या गौरीआधी ती गेली. निवेदिताबाई पुण्याला गेल्या. हिरामण आता बायकोला सर्दी झाली तरी ठाण्याला नेतो. भाविकची बायको निशा बाजूला बसत नाही. त्या पडवीत तिने वॉशिंग मशीन ठेवलंय. ठकुबाईची चटई मी माझ्याकडे आणली. टाकवत नाही, आणि तिच्यावर बसवतही नाही.