तिच्या बाजूची सीट

"सकाळच्या विमानात नुसत्या मागे कलणाऱ्या सीटा. दुपारच्यात पूर्ण आडव्या होणाऱ्या," खिडकीवाले स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले. "मग विचार कसला करायचा? दुपारचंच."

शेजारच्या टेबलावर व्हिसाचं काम बघणाऱ्या ताईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिकिटांच्या त्या कचेरीत इतकी वर्षं शेजारी बसून ताईंना त्यांचं बोलणं पाठ झालं होतं, आणि ते नेमकं याच्या उलट होतं. चार-साडेचार तासांच्या प्रवासाला कोणी सपाट सीट मागितली, की खिडकीवाले पेन खाली ठेवायचे आणि गिऱ्हाइकाला समजावायला घ्यायचे. विमान वर जाऊन स्थिरावेपर्यंत पट्टा सोडता येत नाही. मग जेवण येतं. मग ताटं कधी उचलतात याची वाट बघायची. आणि उतरायची गडबड तर बरीच आधी सुरू होते. मधे उरतो तो वेळ डुलकीचा, झोपेचा नव्हे, आणि डुलकीला मागे कलणारी रुंद सीट पुष्कळ झाली. पाठीला आधार असतो, पाय ठेवायला पट्टी असते. रात्रभराचा प्रवास असेल तर सपाट घ्या, नाहीतर उगाच पैसे घालवू नका. मालकाच्या पोटावर पाय आणणारा हा सल्ला ते बिनदिक्कत द्यायचे, आणि म्हणूनच गिऱ्हाइकं फिरून त्यांच्याकडेच यायची.

ताईंनी यातलं थोडंफार त्यांनाच ऐकवून पाहिलं. ते म्हणाले, "ते गिऱ्हाइकांसाठी. ही घरची गोष्ट आहे."

खिडकीवाले हे काही त्यांचं आडनाव नव्हे. समोर कोणी येऊन बसलं की नाव-गाव विचारायच्या आधी ते "खिडकी की कडेची?" असं विचारायचे, आणि ही सवय इतकी अंगवळणी पडली होती की हॉटेलात टेबल धरतानाही तोंडातून तेच यायचं. एकदा एका मयताच्या घरी भेटायला आलेल्या पाहुण्याला खुर्ची पुढे करताना त्यांनी तसं विचारलं. बायकोने तेव्हा तोंडावर रुमाल धरून हसू कसंबसं दाबलं. घरी परतताना मात्र तिने त्यांची चांगलीच फिरकी घेतली होती.

आता त्याच बायकोचं हृदय थकलं होतं. पायांवर सूज यायची, जिन्यात मधेच थांबावं लागायचं. लेक दूर देशी, नुकतीच बाळंत झालेली. आजीने नात पाहिली होती ती फक्त फोनच्या काचेत. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, गोळ्या बदलून दिल्या आणि म्हणाले, "जायचं असेल तर आत्ताच जाऊन या. पुढे ढकलू नका." त्या वाक्याचा अर्थ दोघांनाही कळला. 

म्हणून खिडकीवाल्यांना सपाट सीट हवी होती. त्यामागे एक जुनं वचनही होतं. त्या सीटा नव्या होत्या तेव्हा विमान कंपनीने गावातल्या सगळ्या तिकीटवाल्यांना बोलावून दाखवल्या होत्या, आणि यांनीही बूट काढून तिथे अंग टाकून पाहिलं होतं. घरी येऊन ते बायकोला म्हणाले होते, "एकदा तुला त्यावर झोपवून नेईन." ती म्हणाली, "झोपायलाच जायचं तर घरचा पलंग काय वाईट आहे?" पण तिला ते आवडलं होतं, हे त्यांना ठाऊक होतं. जन्मभर जगाला विमानात बसवलं आणि घरच्या माणसाला कधी चांगल्या सीटवर बसवलं नाही, ही गोष्ट त्यांना मनातल्या मनात खात होती. आता नाही तर केव्हा? त्यांनी दुपारच्या विमानाची दोन तिकिटं काढून टाकली.

घरी सांगितलं तर ती म्हणाली, सकाळचंच विमान बरं. का, तर म्हणे सकाळची हवा चांगली असते. विमानाच्या आत कसली आली आहे सकाळची हवा, असं त्यांनी विचारल्यावर ती म्हणाली, लेकीकडे उजेडी पोचलेलं बरं. मग खर्चावर आली. अशा एकेक लंगड्या सबबी ती सांगत राहिली. खिडकीवाल्यांना वाटलं, ती सीट हिच्या डोळ्यांपुढे उभी राहत नाही म्हणून ही अशी बोलते. माणूस विक्रीत मुरलेला. दाखवल्याशिवाय माल पटत नाही, हे त्यांच्या हाडीमांसी भिनलेलं होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांनी बाहेरच्या खोलीतला सोफा उघडून त्याचा पलंग केला. रोज रात्री ते स्वतः त्याच्यावरच झोपायचे. डोक्याच्या बाजूला इस्त्रीचं टेबल उभं केलं, कडेने जेवणाच्या खुर्च्या पाठ करून लावल्या आणि त्यांच्यावर चादर टाकली. "ही भिंत," ते म्हणाले. "म्हणजे शेजारच्याची कटकट नाही. तू तुझ्या खोलीत, मी माझ्या."

"म्हणजे तुम्ही दिसणार नाही?"

"मान उंच केली की दिसेन. अगं, राजवाडा असतो तो." मग त्यांनी हातावर टॉवेल टाकला, आवाज बारीक केला आणि कमरेत वाकून बाईसाहेबांना पाणी हवं की फळांचा रस, अशी चौकशी केली.

ती हसली. खूप दिवसांनी हसली, म्हणून त्यांना आणखीच चेव आला. त्यांच्या त्या उत्साहापुढे तिला नाही म्हणवेना. चपला काढून ती सोफ्यावर बसली, पाय वर घेतले, आणि पाण्यात बुडी मारणारं माणूस घेतं तसा श्वास भरून घेऊन आडवी झाली.

खिडकीवाले चादरीपलीकडून बोलतच होते. कुठलं बटण कशाचं, दिवा कसा मंद होतो, पांघरूण किती मऊ असतं. मधे चादर असल्यामुळे त्यांना ती दिसत नव्हती. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, कसं वाटतंय? उत्तर आलं नाही. लागला वाटतं बाईसाहेबांना डोळा, असं म्हणून ते स्वतःशीच खूश झाले. तेवढ्यात खुर्चीच्या पाठीवर आतून बोटं आली. चादर ओढली गेली, खुर्ची आडवी पडली आणि ती उठायला धडपडताना दिसली. तोंड उघडं, ओठ काळेनिळे पडलेले. त्यांनी पाठीखाली हात घालून तिला बसतं केलं, धावत जाऊन खिडक्या उघडल्या. तिचा श्वास जाग्यावर यायला बराच वेळ लागला.

"डॉक्टरांना फोन करतो," ते म्हणाले.

"त्यांना माहीत आहे. आडवं झालं की होतं असं. बसलं की थांबतं."

"मग रात्री?"

"रात्री बसते."

त्यांना पहिल्यांदा काही समजलंच नाही. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून?"

"तुम्ही तिसरी उशी आणलीत ना, त्याच्याही आधीपासून. आता उशांनी भागत नाही, म्हणून खुर्चीत बसते."

उशा त्यांनीच आणल्या होत्या. दर वेळी नवी उशी देताना, घ्या, राणीसाहेबांचं सिंहासन आलं, अशी चेष्टाही केली होती. घोरण्याचा त्रास होतो असं सांगून तिनेच त्यांना बाहेरच्या खोलीत झोपायला लावलं होतं. सकाळी उठून ते आत जात तेव्हा ती खिडकीपाशी खुर्चीत बसलेली असायची, आणि ते कचेरीत कौतुकाने सांगायचे, आमची ही उजाडायच्या आत उठते. ती उठलेली नसायची, ती झोपलेलीच नसायची. विमानात कोण किती झोपेल हे साऱ्या गावाला सांगणारा हा माणूस, आणि अंधार त्याच्याच दिव्याखाली.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्हीही जागत बसला असता. सकाळी कामावर कोण गेलं असतं?" मग ती म्हणाली, "श्वास अडकला की भीती वाटते हो. तेवढ्यापुरतं कोणी हाताशी असावंसं वाटतं. तुमचं घोरणं ऐकू येतं बाहेरून, त्याच्यावर भागवते."

खिडकीवाले त्या आडव्या पडलेल्या खुर्चीशेजारी फरशीवर बसले आणि रडले. लपवायचा प्रयत्नही त्यांनी केला नाही. मग उठून त्यांनी चादरीची घडी घातली, खुर्च्या जागच्या जागी नेऊन ठेवल्या, आणि त्यातली एक मात्र आत नेऊन तिच्या खुर्चीला चिकटून मांडली. डॉक्टरांना त्यांनी फोन केलाच. डॉक्टर म्हणाले, बसून जाऊ द्या, पाय खाली सोडून, आणि प्राणवायूची सोय आधी सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी कचेरीत त्यांनी दुपारची तिकिटं बदलून सकाळची केली. ताईंनी कारण ऐकलं आणि त्या हळहळल्या. मग म्हणाल्या, "पण सपाट सीट अर्धवट उभीही ठेवता येते की. तिला बटण असतं."

"येते," खिडकीवाले म्हणाले. "पण मधे भिंत असते."

स्क्रीनवर सकाळच्या विमानातल्या सीटांचा नकाशा होता, दोन-दोनच्या जोड्या, एकीला एक लागून. खिडकीवाल्यांनी घरी फोन लावला, तर ते तोंड उघडायच्या आत पलीकडून तिनेच विचारलं, "काय, खिडकी की कडेची? तुम्हाला कुठली हवी?"

हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारला नव्हता. "तुझ्या बाजूची," ते म्हणाले.

विमान वर जाऊन स्थिरावल्यावर त्यांनी तिची सीट मागे न्यायला सुरुवात केली. थोडी, मग आणखी थोडी. एका जागी तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवून थांबवलं. तिथे. त्यांनी तिच्या कमरेमागे उशी सारली, पायाखालची पट्टी खालीच राहू दिली. मनगटावरचा हात तिने काढून घेतला नाही, आणि तशीच तिला झोप लागली. जेवण आलं तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटलं, उगाच ताटाचा आवाज नको. त्यांचा हात अवघडला, मग बधिर झाला, पण त्यांनी तो हलवला नाही. बायकोला झोपलेलं त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. ज्या वेळाला ते जन्मभर डुलकी म्हणत आले होते, तेवढ्या वेळात ती गाढ झोपून उठली. उतरायची सूचना झाली तेव्हा सगळ्यांच्या सीटा खाडखाड सरळ झाल्या. तिची त्यांनी अगदी हळूहळू, थांबत थांबत सरळ केली, तिला धक्का बसू नये म्हणून.

"पोचलो?" तिने डोळे उघडून विचारलं. "पुष्कळ झोपले का हो मी?"

"पुष्कळ," ते म्हणाले.

लेकीकडे जावयाने खिडकीपाशी दोन खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या. नात पलंगावर ठेवली की रडायची आणि आजीच्या छातीवर उभी धरली की शांत झोपायची. आजी म्हणायची, माझ्यावर गेली आहे पोरगी, हिलाही आडवं चालत नाही. त्या घरात सगळे हसत होते, तोवरच एका दुपारी आजी गेली. लेक बाळाला उचलून घ्यायला आली तेव्हा आईला डोळा लागला आहे असंच तिला वाटलं. खिडकीवाले शेजारच्या खुर्चीत होते आणि त्यांचा हात तिच्या हाताखाली होता. जाताना ती घाबरली नव्हती, एवढं ते लेकीला खात्रीने सांगू शकले.

सगळं तिकडेच उरकलं. परतीची तिकिटं दोघांची काढलेली होती. लेक म्हणाली, "बाबा, आईचं मी रद्द करते. तुम्ही नका बघू ते." अशा वेळी काय बोलायचं हे खिडकीवाल्यांना पाठ होतं. कितीतरी घरांतून असे फोन यायचे, आणि ते आवाज खाली आणून म्हणायचे, ऐकून वाईट वाटलं, तुम्ही काळजी करू नका, मी करतो ते. एका बटणाचं काम.

"राहू दे," ते लेकीला म्हणाले.

विमानतळाच्या खिडकीवर त्यांनी सांगितलं की शेजारचा प्रवासी येणार नाही, पण सीट दुसऱ्या कोणाला देऊ नका. तिथल्या मुलीने पुन्हा विचारलं नाही. विमानात रिकाम्या सीटवरची उशी उचलायला सेविकेने हात पुढे केला, तेव्हा त्यांनी असू द्या म्हटलं. विमान वर जाऊन स्थिरावल्यावर त्यांनी ती सीट मागे नेली. थोडी, मग आणखी थोडी. कुठे थांबायचं ते त्यांना ठाऊक होतं. उशी कमरेच्या जागी ठेवली, आणि आपला हात दोघांच्या मधल्या जागेवर उताणा ठेवून दिला. जेवण आलं ते त्यांनी मानेनेच परत पाठवलं.

उतरायची सूचना झाली. सेविका एकेक रांग बघत आली आणि ती रिकामी सीट पाहून म्हणाली, "ही सरळ करते हं मी."

"मी करतो," खिडकीवाले म्हणाले.

त्यांनी बटण दाबलं, पाठीमागे दुसरा हात धरला आणि सीट हळूहळू, थांबत थांबत वर आणली. सेविकेला पुढच्या रांगा बघायच्या होत्या, तरी तेवढा वेळ ती थांबली.