पार्बताबाईची मळमळ

नांदगाव पेठेच्या अलीकडे पार्बताबाईचा दीड एकराचा फुलमळा आहे. नवरा देवीदास फुलं तोडतो, पार्बताबाई हार ओवते आणि मुलगा कुंदन ते अमरावतीच्या बाजारात पोचवतो. त्या गुरुवारी लग्नाच्या हारांची ऑर्डर होती. संध्याकाळी वीज गेली तरी पार्बताबाई उठली नाही. ओसरीतल्या अंधूक उजेडात मान खाली घालून तिची सुई चालूच राहिली.

सातच्या सुमारास वीज आली आणि तिला मळमळायला लागलं. तोंडाला पाणी सुटलं, अंगाला थंड घाम आला. मोरी गाठेपर्यंत उलटी झाली, पाठोपाठ दुसरी.

"दुपारची पातोडी बाधली," देवीदास म्हणाला. "इतकं तिखट कायले टाकलं?"

पातोडी सुनेनं, मोनालीनं केली होती. तीच भाजी घरच्या चौघांनी खाल्ली होती, पण हे सासऱ्याला सांगायची ती वेळ नव्हती.

ओवा झाला, लिंबूपाणी झालं. सकाळी गावातल्या डॉक्टरांनी पित्त म्हणून इंजेक्शन दिलं. दोन तास बरे गेले, मग पुन्हा सुरू. पोटात काही उरलं नव्हतं, नुसतं हिरवट पाणी पडत होतं. मोनाली तिच्या उशाशी बसली.

"पोट दुखते का, आई?"

"पोट नाई दुखत. डोकं फुटून राहिलं, इथं." पार्बताबाईनं डाव्या भुवईवर बोट ठेवलं. "अन् काल बलबाभोवती रंगीत कडं दिसत होतं मले."

"मंग सांगितलं कावून नाई?"

"उलट्या होऊन राहिल्या, त्यात डोयाचं काय सांगू वं?"

मोनालीनं तिचं तोंड उजेडाकडे वळवलं. डावा डोळा लालबुंद होता आणि बुबुळ वाफ धरलेल्या काचेसारखं पुसट. तिनं सासूचा उजवा डोळा झाकला आणि समोर हात धरला.

"बोटं किती?"

"हात हाये, इतकंच समजते."

कुंदन सलाईन लावायला त्याच डॉक्टरांकडे न्यायच्या तयारीत होता. मोनाली म्हणाली, "आता सलाईन नाई. डोयाच्या डॉक्टरकडं चला."

"उलट्यांसाठी डोयाचा डॉक्टर?" देवीदास चिडला. कुंदनही घुटमळला. तोवर मोनालीनं ऑटोवाल्याला फोन लावला होता.

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर मंजुषा यांनी डोळ्याचा दाब मोजला. एकवीसच्या आत हवा, तो छप्पन्न निघाला. "डोळ्यात पाणी बनत राहतं आणि बारीक वाटेनं निघून जातं," त्या म्हणाल्या. "यांची ती वाट मुळातच अरुंद आहे. अंधारात बाहुली मोठी झाली आणि वाट बंद पडली. काचबिंदूचा झटका आहे हा."

"मंग उलटी कायची?" देवीदासनं विचारलं.

"उलटीचा हुकूम मेंदू देतो, काका. अन्न बिघडलेलं असो, कानातला तोल गेलेला असो, नाहीतर डोळ्याचं असं जबर दुखणं असो, तक्रार मेंदूत एकाच ठिकाणी पोचते. मग लाळ सुटते, घाम येतो, पोट उलटतं. पोटाचा काही गुन्हा नसतो."

देवीदासनं सुनेकडे पाहिलं, आणि मग खाली.

औषधं शिरेतून गेली, डोळ्यात थेंब पडले. संध्याकाळपर्यंत दाब उतरला आणि त्याबरोबर मळमळही गेली. "भूक लागली," पार्बताबाई म्हणाली, तेव्हा कुंदन धावतच खिचडी आणायला गेला. पुढच्या दोन दिवसांत लेझरनं दोन्ही डोळ्यांत बारीक छिद्र पाडून पाण्याला वाट करून दिली. उजवा डोळा वाचला. डाव्याची कडेची नजर गेली ती गेलीच. डॉक्टरांनी ते आडपडदा न ठेवता सांगितलं. परतताना ऑटोत पार्बताबाई थोडी रडली. मोनालीनं तिचा हात धरून ठेवला.

हे दुखणं सख्ख्या बहिणीलाही असू शकतं, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. बहीण इंदूबाई अकोल्याला असते. फोनवर ती हसली, "मले कुठं उलटी होऊन राहिली? कायले उगाच डॉक्टर?"

पार्बताबाईनं वाद घातला नाही. सोमवारी मोनालीला घेऊन तिनं अकोल्याची बस धरली आणि बहिणीला घरातून उठवून तपासायला नेलं. इंदूबाईच्याही दोन्ही वाटा अरुंद निघाल्या. त्याच आठवड्यात तिचं लेझर झालं.

"दुखलं का?" पार्बताबाईनं फोनवर विचारलं.

"मुंगी चावल्यावानी," इंदूबाई म्हणाली. "अन् बाई, दवाखान्यातला चहा लय चांगला होता."